बॉनेट उघडतं, डॅशबोर्ड उघडत नाही

गेल्या जुलैत जांबोटीहून खानापूरकडे येताना आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा मधला पडदा, म्हणजे टचस्क्रीन, काळा पडला. पाऊस असा की वायपर पूर्ण वेगात असूनही दहा पावलांपलीकडचं दिसेना. गाणी बंद पडली याचं काही नाही. पण आमच्या गाडीत काचेवरची वाफ घालवायचं बटण त्याच पडद्यात आहे आणि मागचा कॅमेराही तिथेच दिसतो. बाहेरून पाऊस, आतून वाफ, आणि हाताने फिरवायला एक साधी खिट्टीही नाही. फडक्याने काच पुसत, दर दोन किलोमीटरला थांबत घरी पोहोचलो. मागे म्हातारी आई बसली होती. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजावं.

दोन दिवसांनी गाडी बेळगावात अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला, संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "पूर्ण युनिट बदलावं लागेल सर. बेचाळीस हजार होतील. पार्ट यायला तीन आठवडे." आत नेमकं काय गेलंय, असं विचारलं. तो म्हणाला, "आम्ही युनिट उघडत नाही सर. तशी परवानगीच नाही."

त्या मुलावर माझा राग नाही. तो आयटीआय झालेला, हुशार, हातात कला असलेला मुलगा होता, हे त्याच्याशी दोन मिनिटं बोलल्यावर कळत होतं. पण त्याच्या हातात पेचकस देऊन त्याला सांगून ठेवलंय की पेटी उघडायची नाही, पेटी बदलायची. मला त्या बेचाळीस हजारांपेक्षा हे जास्त लागलं.

गाडी मग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीतल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि चहा मागवला. चहा पाहुणचाराचा तर होताच, पण एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठून राहिलेला करंट उतरायला थोडा वेळ द्यावा लागतो, त्यासाठीही होता. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने पडद्याभोवतीची चौकट अलगद उचकटली, चार स्क्रू काढले, पडदा पुढे ओढला. मागचा मोठा कपलर, म्हणजे वायरी जोडायची खोबण, उलटा करून मला दाखवला. "काय बी जळालं नाही बगा सर. कपलर हिरवं पडलंय." पितळी पिनांवर हिरवा थर चढला होता. तो फवारा मारून साफ केला, रिबन, म्हणजे चपटी पातळ केबल, काढून पुन्हा नीट बसवली आणि पडदा उजळला. गाडी तिथेच सोडायला मी तयार होतो, पण मिस्त्रींचं समाधान झालेलं नव्हतं. पाणी आलं कुठून? त्यांनी एका पोराला पाण्याची नळी धरायला लावली आणि स्वतः टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवे झाले. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात रबर सुटलं होतं. तिथून पाणी खांबातून उतरत वायरीच्या जुडग्यावरून थेट पडद्यामागे जात होतं. काचेचं काम धरून सगळे नऊशे रुपये झाले.

म्हणजे बेचाळीस हजार देऊन नवा पडदा बसवला असता, तरी रबर सुटलेलंच राहिलं असतं आणि पुढच्या पावसाळ्यात नवा कपलरही हिरवा पडला असता. पेटी बदलणाऱ्याला बिघाडाचं कारण शोधायची गरज उरत नाही. दुरुस्त करणाऱ्याला ते शोधावंच लागतं, नाहीतर गाडी आठवड्यात परत त्याच्याच दारात उभी राहते. म्हणून ज्याची गाडी आहे त्याला आणि तो ज्याच्यावर विश्वास टाकतो त्या गॅरेजवाल्याला ती पेटी उघडण्याचा, त्यातल्या वायरींचा नकाशा मिळण्याचा आणि आतला सुटा भाग विकत घेण्याचा कायदेशीर हक्क हवा. ही सवलत नव्हे. गाडीची किंमत मोजली, तेव्हाच हा हक्कही घेतलेला असतो.

आपल्या भागात हे पडदे मरतात कसे, ते जरा सांगतो, कारण 'इलेक्ट्रॉनिक आहे, आपल्याला काय कळणार' ही भीतीच निम्मा धंदा चालवते. खानापूर-कणकुंबीच्या पट्ट्यात ओल हाच मुख्य शत्रू. चार महिने गाडीचं आतलं कापडसुद्धा वाळत नाही, मग कपलरच्या पिना कशा वाळणार? अथणी-रायबागकडे उलट. एप्रिलच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की हात ठेववत नाही. त्या उष्णतेने टचची काच आणि आतला डिस्प्ले यांना जोडणारा चिकट थर सुटतो, पडद्यात बुडबुडे दिसतात, आणि बोट न लावताच स्टेशन बदलायला लागतं. अशा वेळी डिस्प्ले बहुतेकदा ठणठणीत असतो, फक्त वरची टचची काच बदलायची असते. पडद्यावर चित्र आहे पण उजेड नाही, टॉर्च तिरपा धरला तर पुसट दिसतं, असं असेल तर मागची एलईडीची पट्टी किंवा तिला वीज देणारा भाग गेलेला असतो. मीटरमधले आकडे अर्धवट तुटलेले दिसत असतील, तर बऱ्याचदा छोट्या रिबनचा सांधा सुटलेला असतो. आणि काही वेळा तर निव्वळ दहा अँपिअरचा फ्यूज उडालेला असतो. यातली बहुतेक कामं बेळगावात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या हातची आहेत. ती पोरं याहून बारीक सोल्डरचे डाग रोज देतात.

एक बिघाड मात्र वेगळा आहे आणि तो सगळ्यांनी समजून घ्यावा असा आहे. या पडद्यांमागे एक संगणक असतो आणि त्यात साठवणुकीची चिप असते. तिच्यावर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं. टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत 8 जीबीची अशी चिप होती. गाडी सतत नोंदी लिहीत राहिल्याने ती काही वर्षांत झिजायची. पडदा मेला की मागचा कॅमेरा आणि काचेवरची वाफ घालवण्याची सोय दोन्ही जात. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने हा सुरक्षेतला दोष ठरवला आणि 2021 च्या फेब्रुवारीत कंपनीला सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जांबोटीच्या रस्त्यावर माझ्यावर आली ती वेळ हीच. कारण वेगळं, परिणाम तोच. ती बातमी तेव्हा मी 'श्रीमंतांच्या गाड्यांची' म्हणून वाचून सोडून दिली होती. नखाएवढी ती चिप बदलता येते, आणि तिकडे स्वतंत्र कारागीर ती बदलूनही देत होते. बेळगावातल्या गाडीवर उद्या हीच पाळी आली, तर ती चिप आणि तिच्यात भरायचं सॉफ्टवेअर आपल्या मिस्त्रींना कोण देणार?

इथे लोक मला म्हणतात की साधी गाडी घ्यावी, पडदाबिडदा नकोच. घेतली असती, पण ती आता मिळत कुठे? 1 जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, वेग वाढला की वाजणारी सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले आणि इंजिनावर सतत लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था त्याच्याबरोबर आली. दोन्ही निर्णय योग्यच होते. महामार्ग क्रमांक 48 वर रोज जाणाऱ्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही. पण सरकारने हुकूम काढून माझ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स बसवायला लावलं असेल, तर ते बिघडल्यावर दुरुस्त करता येईल असं पाहणंही सरकारचंच काम आहे. एका हाताने सक्ती करायची आणि दुसऱ्या हाताने किल्ली कंपनीकडे ठेवायची, हे न्यायाचं नाही.

अर्धी किल्ली खरं तर उघडी आहे. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात हजार-दीड हजाराचा स्कॅनर लावला तर इंजिनाचे आणि धुराशी संबंधित बिघाडांचे कोड कुणालाही वाचता येतात, कारण ते प्रमाणित आहेत. पर्यावरणाच्या कायद्याने ते उघडे ठेवायला भाग पाडलं. पडदा, मीटर, दिवे, दारांची कुलपं, एअरबॅग यांचे कोड मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि ते वाचायची यंत्रं कंपनीच्या घरची. धुराच्या बाबतीत जमलं ते बाकीच्या बाबतीत जमणार नाही, असं म्हणायला तांत्रिक कारण काही नाही.

हे म्हणणारा मी पहिला नाही. 2011 साली एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाकडे हेच प्रकरण गेलं होतं. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात न देऊन कंपन्या स्वतंत्र गॅरेजांची वाट अडवतात, असं आयोगाने म्हटलं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या वरच्या न्यायालयांत गेल्या. इतक्या वर्षांनी मला काउंटरवर ऐकायला काय मिळालं, तर "बाहेर कुठं उघडलं तर वॉरंटी जाईल सर." माझ्या गाडीची वॉरंटी संपून दोन वर्षं झाली होती, तरी ते वाक्य आलंच. पाठ झालेलं वाक्य होतं ते.

जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी अशी चार क्षेत्रं तिने पुढे ठेवली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ठेवावी अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे, पण 'ठेवावी' आणि 'ठेवलीच पाहिजे' यांत फार अंतर असतं. मला पोर्टलवरचा ग्राहक सेवेचा फोन नंबर नको आहे. मला कपलरच्या कुठल्या पिनेत किती व्होल्ट यायला हवेत ते सांगणारा नकाशा हवा आहे.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट ऐकली पाहिजे. कंपन्या म्हणतात की डॅशबोर्ड उघडणं धोक्याचं आहे. काही जागी ते खरंच आहे. पिवळ्या कपलरला आणि पिवळ्या वायरीला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची. विजेच्या गाडीतल्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात, त्याच्या आसपासही घरच्या माणसाने जायचं नाही. ब्रेकच्या एबीएसचं काम शिकलेल्यानेच करावं. आणि आपल्या गॅरेजांनीही पापं केली आहेत, तीही कबूल केली पाहिजेत. बाहेरचा मोठा पडदा बसवताना मूळ वायरिंग कापून, पिळे देऊन, काळी टेप गुंडाळलेल्या किती गाड्या मी पाहिल्या आहेत. फ्यूज सारखा उडतो म्हणून दहाच्या जागी तीस अँपिअरचा ठोकलेला, एकदा तर फ्यूजच्या जागी तारेचा तुकडाच. फ्यूज जळायचा थांबतो आणि त्याऐवजी वायर जळते, मग गाडी. 'कपलर टू कपलर' बसणारी वायर दोन-तीनशे रुपयांत मिळत असताना हे कापाकापीचं काम करणं हा निव्वळ आळस आहे.

पण यावरून काय ठरतं? माणूस आडाखे बांधत काम करतो तो त्याच्याकडे नकाशा नसतो म्हणून. कुठली वायर कायम चालू, कुठली चावी फिरवल्यावर चालू, कुठली पिवळी वायर साधी आणि कुठली एअरबॅगची, हे छापून हातात दिलं तर कापाकापी कमी होईल. माहिती लपवल्याने उघडणारे थांबत नाहीत. ते अंधारात उघडतात. धोक्याची हद्द कुठे सुरू होते ते कंपनीनेच स्पष्ट सांगावं, त्या हद्दीच्या आत प्रशिक्षणाची अट घालावी, आणि हद्दीबाहेरचं सगळं खुलं करावं. आज एअरबॅगच्या नावाखाली रेडिओची रिबनसुद्धा कुलपात ठेवली आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरमध्येच असते आणि चोरीविरोधी कुलपाचा भागही कधी कधी त्यात गुंतलेला असतो. मीटर कुणालाही उघडू दिलं, तर जुन्या गाड्यांचे किलोमीटर मागे फिरवणारे सोकावतील, गाड्या चोरणारेही. भीती रास्त आहे. सीमाभागात गाड्या बेळगावच्या केए-22, कोल्हापूरच्या एमएच-09 आणि गोव्याच्या नंबरांत हात बदलत फिरतात, त्यामुळे फसलेली माणसं मला ठाऊक आहेत. पण एक सांगू का? किलोमीटर फिरवणाऱ्यांना ती यंत्रं आजही मिळतात. अडतो तो फक्त प्रामाणिक मिस्त्री. किलोमीटरचा खरा बंदोबस्त मीटरला कुलूप लावून होत नाही. दर पीयूसीला, दर विम्याला, दर सर्व्हिसला आकडा सरकारी नोंदीत गेला आणि मीटर बदललं तर जुना-नवा दोन्ही आकडे नोंदवायची सोय झाली, तर फिरवाफिरवी पहिल्या फटक्यात उघडी पडेल. कुलपाच्या भागासाठी मालकाची ओळख पटवून कोड देण्याची पद्धत करता येईल. बँक ओटीपीवर पैसे देते, मग कंपनीला मालकाला त्याच्याच गाडीचा कोड देता येणार नाही?

आता आपल्या भागाचं थोडं. खानापूर, हुक्केरी, संकेश्वर, पलीकडचं चंदगड, सगळ्यांची गाडीची मोठी कामं बेळगावात. निपाणी-चिकोडीचा माणूस कधी इकडे येतो, कधी कोल्हापूर गाठतो. गावातल्या पिकअपचं मीटर गेलं की एक दिवस जाण्यात, एक येण्यात, आणि पार्टची वाट पाहण्यात पंधरवडा. ऊस, भाजी, दूध थांबत नाही. शहरातल्या माणसाला पडद्याची गैरसोय होते, इथल्या गाडीवाल्याचा हप्ता थकतो. दुरुस्ती गावाजवळ होण्याला इथे किंमत आहे.

आणि भाषा. मिस्त्रींच्या गॅरेजात एक पोरगा कडोलीचा, एक बैलहोंगलकडचा. एक मराठी बोलतो, एक कन्नड, शिव्या दोघांच्या मिश्र, पाना-पक्कड दोघांचे एकच. कंपनीचं जे काही पुस्तक हाताला लागतं ते इंग्रजीत. आपण इथे पाट्यांच्या भाषेवरून वर्षानुवर्षं भांडतो, आणि मराठीच्या हक्कासाठी मीही उभा राहिलो आहे, पुढेही राहीन. पण गाडीच्या वायरिंगचा नकाशा मराठीत हवा, कन्नडमध्ये हवा, ही मागणी दोन्ही बाजूंनी एकदाही एकत्र झालेली मी ऐकली नाही. ती करायला काय हरकत आहे? त्या दोन पोरांत तरी त्यावरून वाद होणार नाही.

याच बेळगावात 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं. सायकल तेव्हा परदेशातून येणारं नवलाचं यंत्र होतं. ती विकायची, दुरुस्त करायची, लोकांना चालवायला शिकवायची, हे सगळं त्यांनी केलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर झाला, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. उद्यमबागच्या ओतशाळांत आज जे हात काम करतात, त्यांची मुळं मला त्या दुकानात दिसतात. परदेशी वस्तू हाताने खोलून समजून घेता येत होती, म्हणून हे झालं. सायकलच्या प्रत्येक नटाला कोड विचारायची सोय तेव्हा असती तर? शहरात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आयटीआय आहेत. तिथल्या मुलांनी भंगारातला एक डॅशबोर्ड टेबलावर मांडून तो जिवंत केला, तर त्यांना जे कळेल ते वर्गात बसून कळणार नाही. पण त्यासाठीही नकाशा लागतोच.

घरी करण्यासारखं काय, असं मला बरेच जण विचारतात. पडदा काळा पडला तर आधी पुस्तकात पाहून त्याचा फ्यूज तपासा, आणि बदललात तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. बऱ्याच पडद्यांना बटण लांब दाबून पुन्हा सुरू करता येतं, ते करून पाहा. चौकट काढण्याआधी बॅटरी सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी हाताशी ठेवा. रिबनच्या टोकाला पातळ कुलपाची पट्टी असते. ती नखाने उचलल्याशिवाय रिबन ओढू नका, मी पहिल्यांदा ती ओढून मोडली होती आणि साठ रुपयांच्या तुकड्यासाठी आठ दिवस थांबलो होतो. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. पिवळं दिसलं की थांबा.

गेल्या महिन्यात चंदगडकडच्या एका शेतकऱ्याची पिकअप मिस्त्रींकडे आली होती. मीटर पूर्ण बंद. मिस्त्रींनी भंगारातून त्याच मॉडेलचं मीटर आणलं, कपलर लावला. काटे हलले, दिवे लागले, डिझेल दिसलं. चावी फिरवली तर इंजिन चालू होईना. गाडीने नवं मीटर ओळखलं नव्हतं आणि ओळख करून देणारा कोड कंपनीकडेच होता. मिस्त्रींनी ते मीटर परत काढलं, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. शेतकरी विचारत होता, "चालू पार्ट हाय की ओ मामा, मग काय झालं?" मिस्त्री काही बोलले नाहीत. संध्याकाळी टेम्पोला दोर बांधून ती पिकअप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे ओढत नेली.